पुतळ्यांची माळ आणि ऑस्ट्रियाची बांगडी

सोलापुरात विजापूर वेशीजवळ राहणारी लालबी मणेरीण बाईचा हात एकदा चाचपायची आणि बांगडीचं माप सांगायची. अंगठ्याखालचं हाड आत दाबून, बोलता बोलता ती बांगडी अशी सरकवायची की लेणारीला कळायचंही नाही. मी तिला पाहिलं ते तिच्या म्हातारपणी. हा सगळा प्रकार तिनं स्वतः मला सांगितला, तोही सलग नाही. एका बैठकीत थोडा, मग महिनाभरानं थोडा. मी तो जुळवून लिहितो आहे.

गोष्ट एकोणीसशे एकतीसची. मार्शल लॉ उठून वर्ष झालं होतं. लालबी तेव्हा पस्तिशीची. नवरा इसूफ तांगा हाकायचा. स्टेशनाकडून येताना तांगा उलटला आणि कमरेखालचं अंग गेल्यासारखं झालं. दोन वर्षं तो खाटेवर होता. मिरजेच्या मिशन दवाखान्यात दाखवलं तर काही होईल, असं एका कंपाउंडरनं सांगितल्यापासून लालबीनं एका डब्यात पैसे टाकायला सुरुवात केली होती. दसऱ्याच्या सुमारास त्या डब्यात साठ रुपये झाले होते.

आठवड्यातले चार दिवस ती शहरातल्या पेठा फिरायची. दोन दिवस रेल्वेनं बाहेर जायची, एकदा मोहोळ, एकदा दुधनी. बायकांना ती घरातली वाटायची. पुरुषमाणसाला उंबऱ्याबाहेर थांबवणाऱ्या घरात लालबीची टोपली थेट चुलीपर्यंत जायची. कुणाच्या हातातली पाटली कधी गेली, कुणाच्या गळ्यात काय उरलं, हे तिला न विचारता दिसायचं.

हेच चन्नप्पा सराफानं हेरलं.

सप्टेंबराच्या शेवटी बँका तीन दिवस बंद होत्या आणि सराफ बाजार चिडीचूप होता. कुणी म्हणे विलायतेत काही मोठं घडलं आहे. बाजार उघडला तेव्हा साडेएकवीस रुपये तोळ्याचं सोनं तेवीसवर होतं. चन्नप्पानं लालबीला पेढीवर बोलावलं, बसायला पाट दिला.

"लालबी, दहा वर्षांत असा भाव कुणी बघितला नाही," तो म्हणाला. "खेड्यातल्या बायकांकडं सोन्याचे डाग पडून आहेत. ज्वारीला भाव नाही, लोकरीला गिऱ्हाईक नाही. त्यांना पैसा हवाय. पण दुकानाची पायरी चढायला लाजतात. तू जातेसच. मी वजन करून, पावती देऊन रोख पैसे देईन. तोळ्यामागं तुला दोन आणे."

"आणि भाव आणखी चढला तर?" लालबीनं विचारलं.

"कुठं चढतोय? हा चार दिवसांचा घोळ आहे. दिवाळीपर्यंत पुन्हा बावीसच्या आत येईल. त्यांना सांग, आत्ताच द्या."

लालबीला त्यात खोटं काही दिसलं नाही. भाव चढला होता हे खरंच होतं. रोख पैसे मिळणार होते तेही खरं. आणि दोन आणे तोळ्यामागं म्हणजे मिरज तेवढं जवळ येणार होतं.

त्याच आठवड्यात ती माल घ्यायला खाजाभाईकडं गेली. बेगम पेठेत त्याची बांगड्यांची वखार होती. सगळा माल मुंबईहून यायचा. जाड, चकाकणारी बांगडी बोहेमियाची. पण युद्धाआधी तो मुलूख ऑस्ट्रियात होता, त्या सवयीनं बाजारात तिला सगळे ऑस्ट्रियाची बांगडीच म्हणत. पातळ, मऊ रंगांची ती जपानी रेशमी. शिकलेल्या घरांतून अलीकडं फिरोझाबादचीच मागणी असायची, पण ती खेड्यात खपत नव्हती. खाजाभाई आणि लालबी आपसात दखनीत बोलत. त्यांचं बोलणं मी मराठीतच देतो.

खाजाभाईच्या हातात मुंबईचं पत्र होतं. "पुढच्या पेटीपासून ऑस्ट्रियाचा माल रुपयाला चार आणे महाग," तो म्हणाला.

"का? तिकडं काच महागली?"

"काच तीच, भट्टी तीच. आपला रुपया हलका झाला." तो उकिडवा बसला आणि बोटानं फरशीवर दाखवू लागला. "विलायतेचा पौंड सोन्याला बांधलेला होता. इतक्या पौंडांना इतकं सोनं, ठरलेलं. बँका बंद होत्या तेव्हाच इंग्रज सरकारनं ती गाठ सोडली. पौंड घसरला."

"घसरू दे त्यांचा पौंड. आपलं काय गेलं?"

"आपला रुपया पौंडाला बांधलेला आहे, बाई. एक रुपया म्हणजे अठरा पेन्स. ती गाठ मात्र दिल्लीनं तशीच ठेवली. म्हणजे पौंड जिकडं जाईल तिकडं रुपया फरफटत जाणार. विलायतेचा माल आपल्याला पूर्वीच्याच भावात पडेल, कारण दोघं बरोबरच घसरले. पण हा बांगडीवाला मुलूख अजून सोन्याला धरून आहे. जपानही धरून आहे. त्यांच्या दारात आपले शंभर रुपये आता ऐंशीच भरतात."

लालबीची नजर वखारीतल्या पेट्यांकडं गेली. "म्हणजे तुमच्याकडं जुन्या भावातला जो माल आहे..."

"तो संपला की संपला. दिवाळीनंतर तो कुणाकडं असेल त्याची चांदी."

लालबी घरी आली. डबा काढला. इसूफ खाटेवरून बघत होता.

"मिरजेचे पैसे आहेत ते," ती म्हणाली. "संक्रांतीपर्यंत ऐंशी होतील. मग जाऊ."

"मेरेकू नक्को मिरज-विरज," इसूफ म्हणाला. "तेरा तू देख." पण त्याचा आवाज तसा नव्हता, हे तिला कळलं होतं.

तिनं साठ रुपयांचा ऑस्ट्रियाचा माल उचलला. खाटेखाली, भिंतीला लागून, पेट्या रचल्या.

मोहोळजवळच्या वाडीत गोजाबाई राहायची. धनगराचं घर. नवरा गुंडा, दीडशे मेंढरं, थोडी कोरडवाहू. गोजाबाई आणि लालबीची ओळख पंधरा वर्षांची. गोजाबाईच्या लग्नातला चुडा लालबीच्या सासूनं भरला होता आणि टोपली धरायला लालबी होती. गोजाबाईच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती, चार तोळ्यांची. तिच्या आईनं मरताना दिलेली.

त्या वर्षी लोकर कुणी विचारीना. दरवर्षी येणारे व्यापारी आलेच नव्हते. परदेशात उठाव नाही, एवढंच कुणीतरी सांगायचं. वैरण विकत घ्यावी लागत होती. गुंडा म्हणत होता, निम्मी मेंढरं विकू. पण बाजारात मेंढरं विकायला सगळेच उभे, चार रुपयांना मेंढी.

"मेंढरं ऱ्हावीत म्हणून मी माळ काढते," गोजाबाई म्हणाली. "माळ काय पिल्लं देत न्हाय. पर मला सांग लालबी, भाव अजून वाढंल का? वाढणार आसंल तर महिनाभर ताणते मी कसंबी."

लालबीच्या हातात तिचा हात होता. बांगड्या भरणं चालू होतं.

"नगं थांबू, अक्का," लालबी म्हणाली. "दिवाळीपतूर उतरंल. सराफानं सोता सांगितलंय."

"तू म्हंतीस म्हणून," गोजाबाई म्हणाली आणि मानेमागं हात नेऊन तिनं दोरा सोडला.

चन्नप्पानं माळ तोलली. चार तोळे, तेवीसचा भाव, ब्याण्णव रुपये. घट धरून पैसे कापले नाहीत, वजनात मारलं नाही. पावती दिली. पुढच्या फेरीला लालबीनं ते पैसे जसेच्या तसे गोजाबाईच्या पदरात घातले. लालबीच्या वाट्याला आठ आणे आले.

दिवाळी गेली. सोनं उतरलं नाही. पंचवीस झालं, सत्तावीस झालं. लालबीला वाटायचं आज थांबेल, उद्या थांबेल. वर्ष संपता संपता एक दिवस ती पेढीवर गेली तेव्हा आत लाकडी खोके ठोकणं चालू होतं. मुनीम मुंबईची तार वाचत होता. तीस रुपये, वर काही आणे. खोके मुंबईला, तिथून बोटीनं विलायतेला, असं त्यानंच बोलता बोलता सांगितलं.

"एवढं सोनं एकदम?" लालबीनं विचारलं.

"सप्टेंबरापासून मालकांनी एक गुंज विकली नव्हती," मुनीम कौतुकानं म्हणाला. "धीर लागतो."

चन्नप्पा आतून आला तेव्हा लालबी म्हणाली, "तुम्ही मला उतरणार म्हणून सांगितलं. आणि तुम्ही स्वतः धरून बसलात."

चन्नप्पा चिडला नाही. "मी काय देव आहे? पौंड कुठं थांबणार हे मला ठाऊक होतं? अंदाज होता. चुकला असता तर मी बुडालो असतो, त्या बायका नाही."

"मग तो अंदाज मला का नाही सांगितला?"

"तुला सांगितला असता तर तू माळ आणली असतीस?"

घरी येऊन ती खाटेखालच्या पेट्यांकडं बघत बसली. मला हे सांगताना तिचा आवाज एवढ्या वर्षांनीही खाली गेला होता. "खाजाभाईनं मला फरशीवर बोटानं दाखवलं व्हतं," ती म्हणाली. "रुपया पडतोय, सोनं धरलेल्या मुलखाचा माल महागणार. मला बांगडीचं समजलं. पळत जाऊन माल उचलला. पर माल महागतोय तर सोनं सोता महागणार न्हाय का? एकच हिसाब व्हता की. बांगडीचा केला, पुतळीचा न्हाय केला. का न्हाय केला? तोळ्यामागं दोन आणे व्हते म्हणून."

दोन महिने ती मोहोळला गेली नाही. दुधनीला जायची, पेठा फिरायची. पण मोहोळला न जाऊन चालत नव्हतं, तिथं तिचं निम्मं गिऱ्हाईक. शेवटी एका बाजाराच्या दिवशी गेली. गोजाबाई बाजारातच भेटली. तिच्यासोबत तिची जाऊ निंगव्वा होती.

लालबीनं हाक मारायच्या आधीच गोजाबाई म्हणाली, "तीस झालं म्हणं सोनं."

"व्हय अक्का."

"म्हंजी अठ्ठावीस रुपयं. सात मेंढ्या." तिनं आवाज चढवला नाही. "आमची ह्या दोन महिन्यांत चाळीस विकली. वैरणीत गेलं समदं. सराफानं फशिवलं आसतं तर मला काय वाटलं न्हवतं, सराफ हायच तसला. पर तू माजा हात धरून सांगितलंस, लालबी."

"मला ठाव न्हवतं गं."

"मग ठाव न्हाय म्हणायचंस की."

निंगव्वानं तिला पुढं ओढलं आणि दोघी निघून गेल्या. त्या दिवशी लालबीच्या टोपलीतली एकही बांगडी विकली गेली नाही. गाडीला तीन तास होते. ती स्टेशनावर भिंतीकडं तोंड करून बसून राहिली.

सराफाचं काम सोडायचं, हे तिनं तेव्हाच ठरवलं. मोहोळ टाळल्यामुळं संक्रांत गेली तरी खाटेखालचा साठ रुपयांचा माल बहुतेक तसाच होता. लग्नसराई तोंडावर होती. ऑस्ट्रियाच्या बांगडीचा भाव खाजाभाई म्हणाला तसा चढलाच होता. माल विकायचा, मिरजेला जायचं, आणि पुन्हा फक्त काचेला हात लावायचा.

पण उन्हाळ्यात बाजारात जपानी बांगडी उतरली. डझनाला तीन आणे पडायची ती दीड आण्याला. नवे रंग, वर सोनेरी रेघ. खेड्यापाड्यांत दुसरं काही कुणी मागेना. लालबीनं ऑस्ट्रियाची पेटी उघडली की बायका हात लावून बघत, भाव विचारत आणि जपानीकडं वळत.

ती खाजाभाईकडं गेली. तो वखारीत एकटाच बसला होता. भिंतीला ऑस्ट्रियाच्या चाळीस पेट्या होत्या.

"मी तुला खोटं नाही सांगितलं," तो आपणहूनच म्हणाला. "जपान सोन्याला बांधलेला होता. डिसेंबरात त्यांनीही गाठ सोडली. आणि त्यांचा येन जो पडला तो आपल्या रुपयाच्याही खाली गेला. आता त्यांचा माल आपल्याला फुकटासारखा. कापडाचंही तेच. इथल्या गिरण्यांचे मालक डोकं धरून बसलेत."

"माझा माल परत घ्या. निम्म्यानं घ्या."

त्यानं नुसतं भिंतीकडं बोट केलं.

साठ रुपयांच्या मालातले पंधरा रुपये सुटले होते. बाकीचा तसाच पडून. इसूफच्या पाठीला त्या उन्हाळ्यात जखमा झाल्या. मलम, पट्ट्या, धुणं. मिरजेचं नाव दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं. एक दिवस त्यानं विचारलं, "सराफाकडं अजून काम आहे का?" आणि लगेच भिंतीकडं कूस वळवायला बघितलं. पण त्याला ते एकट्यानं जमत नव्हतं. लालबीनंच त्याला वळवलं.

दुसऱ्या दिवशी ती चन्नप्पाच्या पायरीवर उभी होती.

"ये," तो म्हणाला. जणू ती कालच गेली होती.

"येते. पण बायकांना मी मुंबईचा भाव सांगणार. आणि उतरणार की चढणार हे सांगणार नाही. मला ठाऊक नाही म्हणणार."

तो हसला. "सांग की. खुशाल सांग."

तो का हसला, हे तिला पुढं कळलं. इसूफला वाचता येत होतं. शेजारच्या शिंप्याकडून आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र मागून आणायचं, इसूफनं बाजारभावाचा रकाना वाचायचा, आकडा लालबीनं पाठ करायचा. दारोदारी ती तो आकडा सांगायची. तोळ्यामागं रुपया कमी मिळायचा तिथं बायका आता हटून बसायच्या, आणि चन्नप्पा मुकाट्यानं देऊन टाकायचा. एवढा फरक पडला. सोनं मात्र तेवढंच येत राहिलं. उलट जास्तच.

दुधनीची बसव्वा तिच्या कायम लक्षात राहिली. लिंगायत घर, मोठा सोपा, कानडी-मराठी मिसळून बोलणारी बाई. तिनं कानातल्या बुगड्या काढून ठेवल्या होत्या.

"मुंबईला बत्तीस हाय," लालबी म्हणाली. "फुडं काय व्हईल मला ठाव न्हाय, अव्वा. वाढायचा बी. थांबायचं तर थांबा."

"वाढंल, मला बी दिसतंय," बसव्वा म्हणाली. "वरीसभर वाढतंयच की. पर थांबायला बी पैसा लागतोय, लालबी. कडबा, तूर, भुईमूग समदं मातीमोल. शेतसाऱ्याचा हप्ता सोमवारी हाय. ज्याच्याकडं पैसा हाय त्यो थांबतोय. आमी काय खाऊन थांबायचं?"

लालबीनं बुगड्या फडक्यात बांधल्या.

पुढची दोन वर्षं तिनं हेच केलं. गोजाबाईचे अठ्ठावीस रुपये तिच्या डोक्यात बसले होते. ती ते वेगळे टाकत होती, कधी चार आणे, कधी बांगड्यांतला रुपया. आणि ते टाकताना तिला दरवेळी दिसायचं की ही रक्कम भरायला दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यातलं उतरवावं लागतं आहे. काम सोडलं तर गोजाबाईचे पैसे व्हायचे नाहीत, इसूफचं मलम यायचं नाही. काम चालू ठेवलं तर दर फेरीला आणखी एक मान मोकळी दिसायची. रात्री झोप लागायची नाही असं काही नव्हतं, ती म्हणाली. दमून लागायची. पण सकाळी टोपली उचलताना पाय जड व्हायचे.

इसूफ चौतीसच्या पावसाळ्यात गेला. त्याला मिरज दिसलं नाही.

त्यानंतर महिनाभरानं लालबी अठ्ठावीस रुपये घेऊन मोहोळच्या वाडीला गेली. मेंढवाडा रिकामा होता; वीसेक मेंढरं उरली होती, ती चरायला गेली होती. गुंडा सोलापूरला एका गिरणीत लागला होता आणि तिथंही पाळ्या कमी झाल्यानं आठवड्यातले तीन दिवस बसून असायचा. गोजाबाई दगडावर बसून लोकर पिंजत होती. गळ्यात काळी पोत.

लालबीनं पैसे तिच्यापुढं ठेवले. "सात मेंढ्यांचं हायत, अक्का."

गोजाबाईनं हातातली लोकर खाली ठेवली. मग पैसे उचलून ओच्यात टाकले. मोजले नाहीत.

"आता काय भाव हाय?" तिनं विचारलं.

"पस्तीस."

"म्हंजी तू चार तोळ्यांचं तीसच्या हिसाबानं आणलंस. आता ते एकशेचाळीस झालं." गोजाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा होता की नुसता थकवा, हे लालबीला त्या वेळी उमगलं नाही. "धावून धावून कुटवर गाठशील त्याला? ऱ्हाऊ दे आता."

"मी काम सोडलंय सराफाचं," लालबी म्हणाली.

"का? तुजा मालक गेला म्हणून?"

"व्हय. आता एकटीला काचंवर भागतंय." आणि मग ती म्हणाली, "त्यो आसता तर सोडलं नसतं."

गोजाबाईनं मान हलवली. तिला ते पटलं होतं, किंवा निदान त्यात खोटं काही वाटलं नव्हतं. ती आत गेली, भाकरी आणि कोरड्यास घेऊन आली आणि दोघींच्या मध्ये ठेवलं. जेवताना मेंढरांच्या खुरांच्या रोगाबद्दल बोलणं झालं. इसूफबद्दल गोजाबाईनं दोन शब्द विचारले, लालबीनं सांगितलं. ऊन उतरल्यावर गोजाबाईनं तिला वाटेच्या वळणापर्यंत सोडलं आणि तिथून ती परत फिरली, कारण मेंढरं यायची वेळ झाली होती.